एका डोळ्यापुरतं भिंग

पऱ्हाटीची काडी डोळ्यात गेली ती कार्तिकात, कापसाच्या दुसऱ्या वेचणीला. जया एका खालच्या बोंडासाठी वाकली आणि शेजारच्या झाडाची वाळकी काडी तिच्या डाव्या डोळ्यात शिरली. सोबतच्या बायका म्हणाल्या, पाणी मार. तिनं पाणी मारलं. दोन दिवस नुसतं पाणीच मारत राहिली, कारण वेचणी अर्ध्यावर होती आणि कापूस कुणाच्या डोळ्यासाठी थांबत नाही. तिसऱ्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका दिसला. तेव्हा तिच्या भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावानं, वामनरावांनी, दारव्ह्याहून जीप मागवली आणि तिला यवतमाळला नेलं. डॉक्टरांनी शर्थ केली, पण डोळा गेला तो गेलाच.

तीन दिवस वामनराव दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसून होते. जयाचा नवरा देवराव घाबरून इकडून तिकडे फिरत होता, औषधाच्या चिठ्ठ्या हरवत होता. सगळं निभावलं ते वामनरावांनी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्यांच्याबद्दल जे येणार आहे ते वाचून कुणी त्यांना दुष्ट म्हणेल. ते दुष्ट नव्हते. चांगल्या माणसाशी भांडणं हेच तर कठीण असतं.

निघताना डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, डोळा वापरल्यानं झिजत नाही. दोन, उरलेल्या डोळ्याला इजा होऊ देऊ नका, काम करताना जाड चष्मा लावा, जपा. वामनरावांनी यातला शेवटचा एक शब्द तेवढा घरी आणला. त्यांचा हिशोब सोपा होता. टॉर्चमध्ये दोन सेल होते, एक गेला, आता दुसरा पुरवून वापरायचा. घरी आल्याबरोबर हुकूम निघाला: जयानं सुई धरायची नाही, मोबाइल पाहायचा नाही, डाळ निवडायची नाही, आणि ते मागच्या खोलीतलं बारीकसारीक काम तर अजिबात नाही. त्यांनी स्वतः तिची टेबलावरची सगळी सामग्री एका पत्र्याच्या पेटीत भरली आणि पेटी माळ्यावर चढवली. कुलूप लावलं नाही. त्यांच्या घरात त्यांच्या शब्दाला कुलूप लागत नसे.

ते बारीकसारीक काम म्हणजे रेडिओ. लग्नाआधी जया आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकली होती, वर्गात एकटी मुलगी. लग्न झाल्यावर दहा-बारा वर्षं शेत, चूल आणि लेकराबाळांत गेली, आणि मग एके दिवशी तिनं कथलाचा डाग देणारं सोल्डरिंगचं आयर्न पुन्हा हातात घेतलं. तेव्हापासून दुपारी सगळे लवंडले की ती मागच्या खोलीत बसून छोटे छोटे रेडिओ बनवायची. आगपेटीएवढे. ते कुणी विकत मागत नव्हतं, आणि मागितले असते तरी तिनं विकले नसते. एक झाला की ती तो ऐकायची, समाधानानं बंद करायची, आणि पुढचा आणखी लहान करायला घ्यायची. गावात पुरुषाला पत्त्यांचा नाद असला तर लोक हसतात, दारूचा असला तर हळहळतात. पण शेतकऱ्याच्या बाईला फुकटचा नाद असला तर लोकांना काय करावं तेच कळत नाही. जो तो विचारायचा, याचे पैसे भेटते का? नाही म्हटलं की पुढचा 'कशासाठी' ठरलेला: मंग कायले?

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. जयाला या घरात येऊन तेवीस वर्षं झाली होती आणि तेवीस वर्षांत ती वामनरावांशी एक शब्द बोलली नव्हती. भांडण नव्हतं, रीत होती. भासऱ्यांशी बोलायचं नाही, ते बैठकीत असले तर तिथं बसायचं नाही, समोर आले तर पदर डोक्यावर घेऊन बाजूला व्हायचं. बोलायचंच झालं तर जाऊबाईंना, विमलताईंना, मध्ये घालायचं. वामनराव चार हातांवर बसलेले असताना जया म्हणायची, "ताई, दादाजीले सांगा, चहा झाला." आणि सगळं स्वतःच्या कानांनी ऐकूनही वामनराव थांबायचे, विमलताई तेच वाक्य पुन्हा म्हणायच्या, तेव्हा कुठे ते उठायचे. गावातल्या नव्या सुना हे पाळत नव्हत्या. पण जया नवी नव्हती, आणि एकदा पडलेली सवय तोडायला निमित्त लागतं.

तर पेटी माळ्यावर गेली. महिनाभर जया नुसती बसून होती. वामनराव तिला तळहाताच्या फोडासारखं जपत होते, आणि फोडाचं काम एवढंच असतं की त्यानं कुठे घासायचं नाही. मग एका बाजाराच्या दिवशी सगळे दारव्ह्याला गेले. तिनं शिडी लावली, पेटी उतरवली, बोर्ड मांडला, आयर्न तापवलं.

आयर्नचं टोक बोर्डाला लागेना. ती ज्या जागी टोक नेत होती ती जागा तिथं नव्हतीच. कधी बोटभर अलीकडे, कधी पलीकडे. एका डोळ्याला दूर-जवळ कळत नाही हे तिनं दवाखान्यात ऐकलं होतं, आणि चहा ओतताना कपाबाहेर सांडतो तेव्हा ते तिला कळलंही होतं. तिनं किटलीची तोटी कपाच्या काठाला टेकवायची युक्ती काढली होती. पण तापलेलं आयर्न कुठे टेकवणार? पाचव्या वेळी ते तिच्या डाव्या अंगठ्यावर टेकलं. तिनं पेटी भरून पुन्हा वर ठेवली. रडली नाही. डाव्या डोळ्यातून पाणी यायचंच, त्याला रडणं म्हणायचं नाही असं तिनं ठरवून टाकलं होतं.

उपाय सापडला तो डाळीत. निवडायची मनाई होती, म्हणून ती चोरून निवडत होती. एवढ्या मोठ्या बाईला तुरीच्या डाळीतले खडे चोरून वेचावे लागावेत, ही त्या घरातल्या मायेची तऱ्हा. उतरतं ऊन खिडकीतून आडवं सुपात पडलं होतं. खडा उचलायला बोट पुढे गेलं तशी बोटाची सावलीही डाळीवरून सरकत पुढे आली, आणि बोट खड्याला लागलं नेमकं त्याच क्षणी बोट आणि सावली एकमेकांना मिळाली. जयानं हात मागे घेतला. पुन्हा पुढे नेला. पुन्हा तेच. दहा वेळा केलं. अंतर डोळ्याला कळत नव्हतं, पण सावलीला बरोबर कळत होतं. तिला इतका आनंद झाला की तिनं सूप तसंच ठेवलं आणि अंगणात दोन फेऱ्या मारून आली.

आता प्रश्न राहिला भिंगाचा. तिच्या नव्या रेडिओतल्या चिपला वीस पाय होते आणि ते इतके बारीक की चांगल्या दोन डोळ्यांनाही भिंगाशिवाय दिसले नसते. तिचं जुनं कपाळपट्टीचं भिंग होतं, पण ते दोन डोळ्यांच्या मधोमध बसायचं आणि एका डोळ्यासाठी तिरकं केलं की मान आखडायची. दारव्ह्याच्या बाजारातून तिनं एक वाचायचं हातभिंग आणलं. ते धरायला तिसरा हात कुणाचा आणणार? मग घड्याळजी डोळ्याला लावतात ते नळकांड्याचं भिंग मिळवलं. त्यात पाय झकास दिसले, पण बोर्ड नाकापासून दोन बोटांवर धरावा लागे. आयर्नची धग नाकाला लागली, सोल्डरमधल्या राळेचा धूर थेट चांगल्या डोळ्यात गेला. ते तिनं त्याच मिनिटाला काढलं. धाडस वेगळं आणि मूर्खपणा वेगळा, एवढं तिला कळत होतं.

होळीला अर्पिता आली. अर्पिता वामनराव-विमलताईंची मुलगी, पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत बोर्ड डिझाइन करते. दहा वर्षांची असताना तिनं पहिलं आयर्न धरलं ते जयाकाकूच्याच टेबलावर, आणि ते ती पुण्यात सगळ्यांना सांगते. येताना तिनं मोठा खोका आणला होता. त्यातून मायक्रोस्कोप निघाला. खराखुरा, दोन नळ्यांचा, भक्कम, खाली भिंगाभोवती गोल दिवा असलेला. नुसता खोकाच आणला नव्हता; दोन दिवस बापाच्या मागे लागून तिनं परवानगीही आणली होती. काकूनं मागच्या खोलीत बसायचं, रोज अर्धा तास, कारण या यंत्रावर डोळ्याला ताण पडत नाही. वामनराव मुलीपुढे विरघळले होते. घरात सणाहून मोठा आनंद झाला. देवरावनं तर मायक्रोस्कोपला कुंकू लावलं.

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं म्हणतात. पण जयाची अडचण अशी की तिला एकच पाहिजे होता. तिनं उजवा डोळा उजव्या नळीला लावला. चिपचे पाय स्वच्छ दिसले, आजवर कधी दिसले नव्हते इतके स्वच्छ. आयर्न न तापवताच तिनं टोक पुढे नेलं. टोक हवेत तरंगत राहिलं. वर आहे की खाली, काही कळेना. गोल दिवा चहूकडून उजेड टाकत होता आणि सावलीचा कुठे मागमूस नव्हता. ती बराच वेळ टोक खाली-वर करत राहिली. मागे सगळे उभे होते, कसं वाटलं म्हणून विचारत होते.

तिनं मान वर केली आणि म्हणाली, "अर्पू, हे दोन डोळ्याच्या माणसाचं आहे. परत कर."

अर्पिताला आधी ती थट्टा वाटली. मग तिनं समजावलं की याहून चांगलं काही नसतं, कंपनीत सगळे हेच वापरतात, काकूनं एका नळीतून पाहावं आणि दुसरी झाकावी. जयानं सांगितलं, या यंत्राचा मोठेपणा सगळा दुसऱ्या नळीत आहे. दोन डोळ्यांना खोली, म्हणजे दूर-जवळ, दिसावी म्हणून ते बनवलंय, आणि ती तर मला दिसणार नाही. त्यात हा दिवा. मला सावली पाहिजे. तिनं आपलं बोट खिडकीच्या उजेडात धरून सुपातली युक्ती करून दाखवली. अर्पिता पाहत राहिली. सावली पडू नये म्हणून लोक जास्तीचे पैसे मोजतात, आणि ही बाई सावली मागते, हे पचायला तिला वेळ लागला. पचलं तरी दुखलं ते दुखलंच. आतल्या खोलीत ती म्हणाली, "काकू, बाबांना मी किती मुश्किलीनं मनवलं, माहीत आहे का तुला?"

"माहीत आहे," जया म्हणाली. "पण मनव म्हून मी सांगतलं नोतं. अर्ध्या तासाची परवानगी त्या यंत्रासंगंच परत ने."

हे बोलताना तिला वाईट वाटलं. अर्पितावर तिचा जीव होता. पण चांगुलपणानं दिलेली चुकीची वस्तू एकदा घेतली की जन्मभर तिचे आभार मानत बसावं लागतं आणि काम काही होत नाही. विमलताई दिवसभर भांडी जरा जोरात ठेवत होत्या. देवराव म्हणाला, यंत्र घेऊन ठेवलं असतंस तर काय बिघडलं असतं, दादाचा मान राहिला असता. जया म्हणाली, दादाजींच्या मानासाठी मी दोन डोळ्यांचं सोंग करू का? देवराव बैलांना पाणी दाखवायला उठला. त्याच्याकडे प्रश्नातून सटकण्याची चांगली हातोटी होती.

अर्पिता परत निघाली तेव्हा जया तिला सोडायला दारव्ह्याला गेली. एसटीला वेळ होता. स्टँडजवळ अमरचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. जया त्याच्याकडून सोल्डरची तार न्यायची, म्हणून दोघी आत शिरल्या. अमर मायक्रोस्कोपवर वाकून काम करत होता, आणि त्याच्या मायक्रोस्कोपला वर तिसरी एक नळी होती. तीत कॅमेरा, आणि कॅमेऱ्याचं चित्र बाजूच्या पडद्यावर. तो म्हणाला, पडदा गिऱ्हाइकासाठी आहे, लोकांना आपला मोबाइल आतून पाहायला आवडतं. तो स्वतः त्यात पाहून काम करू शकत नव्हता. एकदोनदा करून पाहिलं होतं, हात कुठल्या कुठे जातो.

जया पडद्याकडे पाहत उभी राहिली. मग तिनं विचारलं, मी बसू का? अमरनं एक मोडका बोर्ड तिच्यापुढे ठेवला. तिनं गोल दिवा बंद करायला लावला आणि टेबलावरचा दिवा उजव्या बाजूनं खाली वाकवला. पडद्यावर बोर्ड उमटला आणि आयर्नची लांबलचक सावली. तिनं करंगळी बोर्डाच्या कडेला टेकवली आणि टोक पुढे सरकवलं. सावली सरकत आली, टोकाला भेटली, सोल्डर चमकून वितळलं. पहिल्याच खेपेला. मग दुसरा पाय. मग तिसरा.

"आता तू कर," ती अर्पिताला म्हणाली.

अर्पिता बसली. रोज बोर्डांत हात असलेली पोरगी. पडद्याकडे पाहून तिनं टोक नेलं ते सरळ बाजूच्या पायावर. पुन्हा नेलं, ते हवेत थांबलं. अमर हसला, मग त्यानं करून पाहिलं, आणि मग त्याचं हसू ओसरलं. पडद्यावरच्या चित्राला खोली नसते. त्याच्यासमोर बसलेला माणूस दोन डोळ्यांचा असो की चार, त्याला एकाच डोळ्याएवढं कळतं. फरक एवढाच की त्या दोघांना एका डोळ्यानं जगायची सवय नव्हती आणि जयाला चार महिन्यांची झाली होती.

"इथं सारेच माह्यासारखे," ती म्हणाली. तिचा चेहरा इतका उजळला होता की अर्पितानं रुसवा तिथंच सोडला आणि तिला मिठी मारली.

मग तिघांनी बसून नीट ठरवलं. मोठा मायक्रोस्कोप नको, नुसता उभ्या दांडीवरचा कॅमेरा पुरे. भिंग आणि बोर्ड यांच्यात निदान वीतभर जागा हवी, म्हणजे आयर्न मोकळेपणी आत येतं आणि भिंगाला धूर लागत नाही. खूप मोठं दाखवणारं घेण्यात अर्थ नाही. एकच पाय पडदाभर दिसला तर शेजारचा कुठे गेला ते कळत नाही. अमरनं बजावलं की मोबाइलला जोडायचे स्वस्त कॅमेरे घेऊ नको, त्यात चित्र मागाहून येतं, हात तोवर पुढे गेलेला असतो. थेट टीव्हीला जोडता येतो तो घे. जयानं त्याच्याकडचा तसा एक कॅमेरा टीव्हीला लावून त्याखाली बोटानं टकटक केली आणि चित्र बोटाबरोबर हलतं का ते पाहिलं. हललं. तिनं बचत गटातले आपले पैसे काढून तसाच मागवला.

टीव्ही म्हटल्यावर अर्पितानं काकूकडे पाहिलं होतं. घरात टीव्ही एकच, तो बैठकीत, आणि बैठक वामनरावांची. अमर म्हणाला, छोटा वेगळा पडदा मिळतो, तो मागच्या खोलीत लावा. तो घेतला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं, हे खरं. जयानं दोन दिवस विचार केला. मोठा पडदा हातभर दूरवरून पाहता येतो, डोळा धुरापासून आणि उडत्या सोल्डरपासून लांब राहतो. हे कारण पक्कं होतं. पण मनातलं कारण निराळं होतं. मागच्या खोलीत बसलं की ते लपून केल्यासारखं होतं, आणि लपून केलेल्या गोष्टीची पेटी पुन्हा कधीही माळ्यावर जाऊ शकते. डाळ चोरून निवडली तेवढी पुरे झाली, असं तिला वाटलं.

पाडवा झाल्यावर एका रविवारी दुपारी साडेबाराला तिनं बैठकीत टेबल मांडलं. दांडी उभी केली, कॅमेऱ्याच्या गोल दिव्याच्या अर्ध्या भागावर काळी चिकटपट्टी लावली, उजवीकडे टेबललॅम्प वाकवून ठेवला, डोळ्यांवर जाड चष्मा चढवला आणि टीव्हीची तार बदलली. एक वाजता जेवून उठल्यावर वामनराव बातम्या पाहतात हे तिला माहीत होतं. स्वयंपाकघरातून देवरावनं विचारलं, "दादाले इचारलं का?"

"नाई," जया म्हणाली.

देवरावनं ताट अशा कोपऱ्यात सरकवलं जिथून बैठक दिसते पण आपण दिसत नाही.

वामनराव हात पुसत आले आणि दारातच थांबले. टीव्हीवर बातम्या देणारा माणूस नव्हता. बोटाएवढे जाड चंदेरी पाय एका ओळीत उभे होते आणि त्यांच्यावर एक तापलेलं टोक उतरत होतं. टीव्हीसमोर धाकट्या भावाची बायको बसली होती. रीतीप्रमाणे तिनं उठायला हवं होतं. पदर घ्यायला हवा होता. पण पाय अर्धा जोडलेला होता, सोल्डर पातळ होतं, आणि अशा वेळी राजा आला तरी उठता येत नाही. तिनं तो पाय पुरा केला. नववा होता.

वामनराव मागे वळून विमलताईंना म्हणाले, तिला बंद करायला सांग. विमलताई पुढे येऊन म्हणाल्या, "जया, हे म्हणून राह्यले, बंद कर." जया हलली नाही. वामनराव म्हणाले, परवानगी मागच्या खोलीची होती, अर्ध्या तासाची होती, ती हिनं पोरीच्या तोंडावर फेकली. आता हाही डोळा गेला तर जन्मभर हिला कोण पाहील, विचार तिला. विमलताईंनी निरोप द्यायला तोंड उघडलं.

"ताई, थांबा," जया म्हणाली. "मी बोलतो."

तिनं आयर्न स्टँडमध्ये ठेवलं. खुर्ची फिरवली. तिचे हात स्थिर होते. त्यांना अर्ध्या तासापासून स्थिर राहायची सवय लागली होती. तेवीस वर्षांत पहिल्यांदा तिनं भासऱ्यांच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. म्हातारे झाले होते. हे तिला आजवर नीट दिसलंच नव्हतं.

"दादाजी, काडी लागली तवा तुमी मले यवतमाळले नेलं. तीन दिवस बाहीर बसून राह्यले. ते मी मरेपर्यंत नाई विसरत. पण डोळ्यासाठी धावले म्हून तो तुमचा नाई झाला. डॉक्टरनं तुमच्या समोर सांगतलं, वापरल्यानं डोळा झिजत नाई. मले एकच राह्यला. तो मी कायले ठेवू? झाकून?"

स्वयंपाकघरात देवरावचा घास तोंडाशी थांबला होता. वामनराव विमलताईंकडे पाहू लागले, जणू त्यांनी हे वाक्य पुन्हा म्हणावं म्हणजे ते ऐकल्यासारखं होईल. विमलताईंनीही तेवीस वर्षं इकडचं तिकडे पोचवलं होतं, आणि आज पहिल्यांदा त्यांना तिथं काही काम नव्हतं. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि पाहू लागल्या.

"याचं भेटते काय?" वामनराव म्हणाले. कुणाला विचारलं ते स्पष्ट नव्हतं.

"काई नाई भेटत."

"मंग कायले?"

हे मात्र त्यांनी सरळ तिलाच विचारलं, आणि विचारून झाल्यावर त्यांच्या ते ध्यानात आलं. त्यांचा हात उगाच कानाकडे गेला. हा प्रश्न जयाला गावानं शंभरदा विचारला होता. दर वेळी ती काहीतरी जोडून सांगायची. अर्पू शिकली, डोकं चालू राहते, दुपार जाते. आज तिला जोडकाम करायचा कंटाळा आला.

"मले आवडते म्हून," ती म्हणाली. "दुसरं कारण नाई. तुमाले बातम्या आवडते, तुमी पाह्यता. तुमाले कोणी पुसते का, त्याचं काय भेटते?"

विमलताईंनी तोंडाला पदर लावला. आतून देवराव जोरात खोकला.

जयानं खुर्ची परत फिरवली, चष्मा सारखा केला आणि आयर्न उचललं. "अजून अकरा पाय राह्यले," ती पाठमोरीच म्हणाली. "तवर बसायचं असन तं बसा. नाई तं ओट्यावर खाट टाकली आहे."

मग दारातून वामनरावांची पावलं वाजली. ती बैठकीतल्या दिवाणाकडे गेली की ओट्याकडे, हे विमलताईंनी पाहिलं, देवरावनं मान लांब करून पाहिलं. जयानं पाहिलं नाही. तिच्याजवळ एकच डोळा होता आणि तो कामात होता.